पायरीवरची माणसे

एका छोट्या कलाकेंद्राचे चिटणीसपद मी नऊ वर्षे सांभाळले आणि त्यांतली पहिली तीन वर्षे एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत करत राहिलो : लोकांना कलेची कदर नाही. ही तक्रार फार सोयीची असते, कारण ती करणाऱ्याला आणखी काही करावे लागत नाही. दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात तीस माणसे आली, की दोष न आलेल्या एकशेवीस जणांच्या माथी मारायचा आणि दिवे मालवून घरी जायचे. मी दारात उभा राहून रिकाम्या खुर्च्या मोजत असे आणि मग त्याच दाराबाहेरच्या पायरीवर बसलेल्या माणसांना ओलांडून निघत असे. त्या माणसांना मी कधी मोजले नाही.

ती माणसे म्हणजे आमच्याकडे चित्रकलेच्या आणि वादनाच्या वर्गांना येणाऱ्या मुलांचे पालक. मूल आत सोडायचे आणि दीड-दोन तास बाहेर थांबायचे. घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नसतो आणि थांबावे तर बसायला जागा नसते. कोणी भिंतीला टेकून मोबाईल पाहत असे, कोणी भाजीची पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून नुसतेच बसलेले असे. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षे, न चुकता आमच्या वास्तूपाशी येणारी ही एवढीच माणसे होती, आणि आमच्या लेखी ती फक्त वाटेतली गर्दी होती. एके मंगळवारी नातवाला घेऊन येणाऱ्या एका आजींनी मला थांबवले आणि विचारले, ‘‘अहो, आत एखादे बाकडे मिळेल का? पायरीवर बसून गुडघे धरतात हो.’’ मी अगदी नम्रपणे सांगितले, ‘‘आजी, वर्ग चालू असताना आत कोणाला थांबू देता येत नाही. नियम आहे तसा.’’ हा नियम कोणी केला होता हे मला आठवत नव्हते. बहुधा मीच केला असावा.

बाकडे यायला त्यानंतर चार महिने लागले, आणि तेही कार्यकारिणीच्या ठरावाने आले नाही. एका नाटकाचा प्रयोग संपल्यावर नेपथ्याच्या फळ्या उरल्या होत्या. त्या भंगारात देण्याऐवजी सुताराने त्यांचे एक लांब बाकडे ठोकून दिले आणि आम्ही ते दाराच्या आतल्या बाजूला, सूचनाफलकासमोर ठेवले. जागा ठरवताना आम्ही काही दूरवरचा विचार केला नव्हता; दुसरीकडे ते मावत नव्हते, एवढेच. पण बाकड्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आता आपोआप फलक येऊ लागला, तालमीच्या खोलीचे अर्धवट उघडे दार येऊ लागले, स्वच्छतागृहाचा गळका नळ ऐकू येऊ लागला. महिनाभरात नळ दुरुस्त झाला आणि तो कोणी केला हे मला विचारून काढावे लागले. एका गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले, ‘‘ती मुले तेच ते वाक्य दहादहा वेळा का म्हणतात? पाठ होत नाही का त्यांना?’’ वाक्य पाठच असते, पण ते कोणाकडे पाहून म्हणायचे हे अजून सापडलेले नसते, असे मी सांगितले. ते गृहस्थ पुढच्या आठवड्यात दाराच्या जरा जवळ सरकून बसले. त्या नाटकाचा प्रयोग पाहायला ते आले तेव्हा त्यांना ते एक वाक्य केव्हा येणार याची जी उत्कंठा होती, ती आमच्या कोणत्याही जाहिरातीने निर्माण केली नसती. त्यानंतर आम्ही तालमीची शेवटची वीस मिनिटे बाकड्यावरच्या मंडळींना खुली केली. दिग्दर्शकांनी आधी नाके मुरडली. नटांना मात्र ते आवडले.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरातल्या ‘सेस्क पोम्पेया’ या केंद्राची हकिगत मी पुढे वाचली आणि मला आमचे बाकडे आठवले. तिथे पिंपे बनवणारा एक जुना कारखाना पाडून नवे केंद्र बांधण्याचा विचार होता. वास्तुरचनाकार लीना बो बार्दी 1976 साली ती जागा पाहायला गेल्या, तेव्हा त्यांना रिकाम्या कारखान्याची सुबक काँक्रीटची चौकट दिसली. पण पुढे एका शनिवारी त्या पुन्हा गेल्या, तेव्हा तिथे मुले पळत होती, चेंडू खेळत होती, आयाबाया खाण्याचे करत होत्या आणि एका कोपऱ्यात बाहुल्यांचा खेळ चालला होता. हे सगळे असेच चालू राहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि कारखाना न पाडता त्याच्या शेडमध्येच वाचनाची जागा, कार्यशाळा, रंगमंच आणि नुसते बसण्याची ऐसपैस जागा केली. 1982 साली ते केंद्र उघडले. लोकांना केंद्राकडे कसे आणावे हा प्रश्न तिथे पडलाच नाही, कारण केंद्र आले तेव्हा लोक आधीच तिथे होते. अर्थात ते केंद्र चालवणाऱ्या ‘सेस्क’ या संस्थेच्या पाठीशी व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावर बसवलेल्या सक्तीच्या वर्गणीचा भक्कम पैसा आहे, आणि आमच्यासारख्यांच्या पाठीशी पावतीपुस्तक. ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर एक भ्रम सांगून टाकतो. सभागृह भरले की केंद्र चालेल, असे आम्ही मनापासून मानत होतो. खजिनदारांनी एकदा हिशेब मांडला : वर्षातला प्रत्येक प्रयोग पूर्ण भरला, तरी वीज, रखवालदार, विमा आणि छपराची दुरुस्ती यांचा खर्च निघत नव्हता. आम्हाला वाटले आपलेच काही चुकते आहे. परंतु 1966 साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी याची मीमांसा करून ठेवली होती. यंत्रे सुधारतात तसा कारखान्यातला माणूस तासाला अधिक माल काढतो आणि त्याचा पगारही वाढतो; पण चार वादकांनी मिळून वाजवायची अर्ध्या तासाची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे आणि अर्धा तास घेत होती, आजही तेवढेच घेते. वादकांचा पगार मात्र इतरांच्या मागोमाग वाढवावाच लागतो, नाहीतर ते वादन सोडून दुसरे काही करतील. म्हणून प्रत्यक्ष सादर होणाऱ्या कलेचा खर्च तिकिटाच्या उत्पन्नापुढे धावत राहतो, आणि तिकीट तेवढे वाढवावे तर सभागृह रिकामे होते. तेव्हा तूट ही संस्थेच्या नालायकीची खूण असते असे नाही; ती या व्यवसायाच्या पोटातच आहे. ती कोण भरणार, एवढाच प्रश्न उरतो. राजाश्रय, धनिकाश्रय आणि लोकाश्रय हे तीन जुने मार्ग आहेत आणि त्यांतला तिसरा सर्वांत कष्टाचा आहे.

कष्टाचा अशासाठी, की लोकांकडे मागायचे कसे हे शिकावे लागते. आमचा पहिला प्रयत्न मी अजून लाजेने आठवतो. एका प्रयोगानंतर टाळ्या संपायच्या आत अध्यक्ष माईकवर आले, केंद्राच्या हलाखीचे दहा मिनिटे वर्णन केले आणि दारात दानपेटी ठेवल्याचे सांगितले. प्रेक्षक बाजूच्या दाराने गेले. मग आम्ही सह्यांची मोहीम काढली आणि हजारभर सह्या गोळा झाल्या. पण त्या सह्या करणाऱ्यांना एका रविवारी सभागृह साफ करायला बोलावले तेव्हा नऊ जण आले. सही देणे म्हणजे समोरच्याला लवकर वाटेला लावणे असते, हे मला त्या दिवशी झाडू हातात असताना कळले. मात्र त्या नऊ जणांपैकी सहा जण पुढची सगळी वर्षे टिकले, म्हणून हिशेब करायचा तर त्या रविवारपासून करावा.

त्या नवांत बाकडे ठोकणारा सुतारही होता. रंगमंचाच्या डाव्या विंगेजवळची एक फळी पाय पडला की करकरत असे आणि नेमकी करुण प्रसंगात करकरत असे. त्याने ती काढली, खालची तुळई तासली, नवी फळी बसवली आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून तो प्रत्येक प्रयोगाला तिसऱ्या रांगेत डावीकडे बसतो. नाटक कसे वाटले असे मी एकदा विचारले, तर म्हणाला, ‘‘आज सात वेळा पाय पडला, एकदाही वाजली नाही.’’ मी हसलो. पण ‘केंद्र बंद पडणार’ अशी कुणकुण पुढे एकदा लागली तेव्हा सगळ्यांत आधी माझ्या घरी आला तो हाच माणूस, आणि फळी आपण बसवली असल्याने या बाबतीत आपल्याला विचारायला हवे होते, असा त्याचा सूर होता. त्याचे म्हणणे बरोबर होते.

नावांची गंमतही सांगण्यासारखी आहे. देणगीदारांचा फलक आम्ही रकमेच्या क्रमाने लावला होता. वर मोठी नावे ठळक अक्षरांत, खाली किरकोळ नावे किरकोळ अक्षरांत. एक बाई वाकून, चष्मा वर-खाली करून आपले नाव शोधत असल्याचे मी पाहिले. नाव सापडले, पण आडनाव चुकले होते. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांची पावती फाटली नाही. न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला पैसे कमी पडले, तेव्हा जोसेफ पुलित्झर यांनी 1885 साली आपल्या ‘वर्ल्ड’ या दैनिकातून आवाहन केले आणि रक्कम कितीही लहान असो, प्रत्येक देणाऱ्याचे नाव छापण्याचे कबूल केले. पाचेक महिन्यांत एक लाखाहून अधिक लोकांकडून एक लाख डॉलरहून अधिक पैसे जमले आणि त्यांतली बहुतेक देणगी एका डॉलरच्या आतली होती. पुलित्झर यांना आपल्या अंकाचा खपही वाढवायचा होता, हे उघड आहे; पण लहान रकमेला मोठ्या रकमेइतकीच शाई मिळाली, ही गोष्ट खरी. आम्ही आमचा फलक उतरवून वर्णानुक्रमाने, एकाच मापाच्या अक्षरांत, रक्कम न लिहिता नव्याने लावला आणि त्यात श्रम देणाऱ्यांचीही नावे घातली. ‘‘मोठ्या देणगीदारांना काय वाटेल?’’ असे खजिनदार विचारत होते. एकाला वाईट वाटले आणि त्याने देणगी थांबवली. ती रक्कम भरून निघायला दोन वर्षे लागली.

यापेक्षा अवघड भाग पुढे होता. ‘लोकसहभाग’ हा शब्द आम्ही अहवालात उदारपणे वापरत असू आणि त्याचा पुरावा म्हणून एक प्रश्नावली जोडत असू. तिच्यात विचारले होते : आपल्याला कोणते कार्यक्रम पाहायला आवडतील? लोकांनी शास्त्रीय संगीतावर भरभरून खुणा केल्या होत्या. आम्ही शास्त्रीय संगीताची मैफल ठेवली आणि एकोणीस श्रोते आले. प्रश्नावली भरताना माणूस आपण कसे असावे ते लिहितो. ‘बुधवारी संध्याकाळी सहा ते आठ आपण कुठे असता, आणि घरी परतायला शेवटची बस किती वाजता आहे?’ असे विचारले असते, तर अधिक उपयोगाचे काही कळले असते. पुढे आम्ही तेच विचारले आणि प्रयोगांची वेळ पाऊण तास अलीकडे आणली. शेरी आर्नस्टाईन या अमेरिकी अभ्यासिकेने 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आहे. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसते झुलवणे, मध्यावर त्यांना माहिती देणे, मत विचारणे आणि समितीत एखादी शोभेची जागा देऊन समजूत घालणे, आणि वरच्या तीन पायऱ्यांवर प्रत्यक्ष भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि शेवटी लोकांचेच नियंत्रण. आमची प्रश्नावली चौथ्या पायरीवर होती. म्हणजे मत विचारायचे, पण ते मानण्याचे बंधन स्वतःवर घ्यायचे नाही. माझी माणसे अजून पायरीवरच बसली होती, फक्त शिडीच्या.

कर्नाटकातल्या हेग्गोडु या खेड्यातल्या ‘नीनासम’बद्दल बोलताना लोक नेहमी आश्चर्य करतात, की एवढ्याशा गावाने नाटकाला एवढा आधार कसा दिला. मला वाटते, या प्रश्नाची दिशाच उलटी आहे. 1949 साली ती संस्था स्थापन झाली ती गावातल्या हौशी मंडळींनी स्वतः नाटके करण्यासाठी. सुपारीच्या बागा सांभाळणारी माणसेच संध्याकाळी तोंडाला रंग लावत होती. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नेतृत्वाखाली पुढे 1973 मध्ये तिथे चित्रपट मंडळ आले, 1980 मध्ये नाट्यशिक्षणाची संस्था आली, 1985 मध्ये गावोगाव फिरणारी ‘तिरुगाट’ ही नाटकमंडळी आली. 1991 साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आधी संस्था आणि मग तिला समाजाचा पाठिंबा, असा क्रम तिथे नव्हता. ज्यांचा पाठिंबा मिळवायचा, तीच माणसे संस्था होती. आमच्यासारख्या, आधी वास्तू आणि मग माणसे अशा उलट्या क्रमाने निघालेल्यांना तिथवर पोहोचायचे, तर हातातले काही सोडून द्यावे लागते.

आम्ही ते सोडले, पण खुशीने नाही. घटनादुरुस्ती करून कार्यकारिणीच्या अकरा जागांपैकी पाच जागा वर्गांचे पालक, स्वयंसेवक आणि सभागृह वापरणारे गट यांच्यातून निवडून द्यायचे ठरले आणि दाराच्या किल्ल्या दोनांच्या सात झाल्या. नव्या कार्यकारिणीची पहिली मागणी कराओकेच्या रात्रीची होती. मी विरोधात बोललो, तळमळीने बोललो आणि सात विरुद्ध चार मतांनी हरलो. सभागृह तुडुंब भरले. आवाज भयंकर होता आणि मी अजूनही तसेच म्हणतो. पुढे असे कार्यक्रम वाढू लागले आणि प्रयोगशील नाटके करणाऱ्या एका तरुण गटाला तारखा मिळेनात, तेव्हा मला ‘मी सांगत नव्हतो का’ असे म्हणण्याची संधी आली होती. त्या सभेत पालकांमधून निवडून आलेल्या एका बाईंनी महिन्यातले सहा दिवस नव्या कामासाठी, प्रेक्षक येवोत न येवोत, राखून ठेवण्याचा ठराव मांडला. त्या म्हणाल्या, ‘‘मला त्यांचे नाटक कळत नाही. पण ती मुले करणार तरी कुठे?’’ एवढ्या वर्षांत मी लिहिलेल्या अनुदानाच्या एकाही अर्जात हे इतक्या थोडक्यात आले नव्हते.

अनुदानाची कसोटी त्याच्या पुढच्या वर्षी लागली. अशा वेळी काय घडू शकते याचे मोठे उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराचे आहे. तिथल्या ‘डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स’ या कलासंग्रहालयासाठी 2012 साली शहराच्या परिसरातल्या तीन काउंट्यांतल्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांतल्या, मतदारांनी दहा वर्षांसाठी स्वतःवर एक छोटा मालमत्ता कर लावून घेतला; मॅकम्ब काउंटीत तो जेमतेम मंजूर झाला. बदल्यात तिन्ही काउंट्यांतल्या रहिवाशांना प्रवेश विनामूल्य झाला आणि शाळेच्या सहलींची व ज्येष्ठांना आणण्याची सोय झाली. लगेच 2013 मध्ये शहर दिवाळखोरीत गेले आणि धनको संग्रहालयातल्या चित्रांची किंमत करायला लागले. प्रतिष्ठाने, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून 80 कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी करण्याचे ठरवले, त्यातून निवृत्तिवेतनधारकांवरचा भार हलका झाला आणि संग्रह शहराच्या मालकीतून स्वतंत्र न्यासाकडे गेला. 2020 साली कराचा प्रश्न पुन्हा मतदारांपुढे आला, तेव्हा तो तिन्ही काउंट्यांत मंजूर झाला. मधल्या आठ वर्षांत ती चित्रे पाहून गेलेल्या शाळकरी मुलांचे पालक मतदान करत होते, असे मी समजतो.

आमची सुनावणी यापुढे फारच किरकोळ होती. स्थानिक प्रशासनाच्या एका कार्यालयात आमचे अनुदान बंद करण्याचा प्रस्ताव होता. मी तक्ते नेले होते, कलेचे समाजातील स्थान या विषयावर एक टिपण नेले होते, आणि अधिकारी ते ऐकत घड्याळ पाहत होते. बाकड्यावरची बरीच मंडळी मागे उभी होती. आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, मी सहा वर्षे दर मंगळवारी तिथे बसते. माझा नातू आता मोठा झाला, तो येत नाही. मी येते. कपडेपट शिवते, मुलांच्या डब्यांवर लक्ष ठेवते. बंद केलेत, तर मंगळवारी मी कुठे जायचे ते सांगा.’’ कला हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. अनुदान पूर्ण वाचले असे नाही. निम्मे राहिले, आणि उरलेल्या निम्म्यासाठी त्या वर्षी आम्ही पुन्हा पावतीपुस्तके घेऊन फिरलो.

दोन वर्षांपूर्वी मी पद सोडले. परवा एका प्रयोगाला बराच लवकर पोहोचलो, तर दारातल्या मुलीने मला ओळखले नाही. ‘‘सभागृह सव्वासहाला उघडेल, काका, तोवर तिथे बसा,’’ असे म्हणून तिने बाकडे दाखवले. तिच्या गळ्यात किल्ली होती. बाकड्याचा एक पाय झिजून आखूड झाला होता आणि त्याखाली कोणीतरी जुन्या कार्यक्रमपत्रिकेची घडी सरकवली होती. मी टोकाला बसणार, तेवढ्यात शेजारचे गृहस्थ फलकावरून नजर न काढता म्हणाले, ‘‘जरा इकडे सरकून बसा, तिकडे डुगडुगते.’’